चौदा पाइप जास्तीचे

लाल डबा दिसला की मला बरं वाटतं.

ग्रासहॉपर या संगणकावरच्या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्यांना हे वाक्य लगेच कळेल, बाकीच्यांसाठी थोडं सांगते. या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक क्रिया म्हणजे एक छोटा डबा. रेष काढण्याचा डबा, वर्तुळाचा डबा, भागाकाराचा डबा. डब्याच्या डावीकडून माहिती आत जाते, उजवीकडून बाहेर येते आणि पुढच्या डब्यात तारेने पोचते. सगळं ठीक असेल तर डबा राखाडी असतो. काहीतरी कमी पडलं, तारेतून काहीच आलं नाही, तर नारिंगी होतो. आणि जे मागितलंय ते करताच आलं नाही तर लाल. लाल डब्यावर वर कोपऱ्यात एक फुगा येतो, त्यावर बोट नेलं की तो आपली तक्रार सांगतो: मला रेष हवी होती, तुम्ही अक्षरं दिलीत. झालं, उलगडलं. पाच मिनिटांचं काम.

नारिंगी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कुरकुर. कधी खरी असते, कधी सवयीची.

भीती वाटते ती राखाडीची. गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या सगळ्या राखाडी होत्या. एकही डबा तक्रार करत नव्हता, पडद्यावर चित्र देखणं दिसत होतं, आणि आत कुठेतरी हिशोब चुकलेला होता. त्यातली एक चूक पुण्यातल्या धायरीजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पकडली गेली. पकडणाऱ्याने आयुष्यात कधी ग्रासहॉपर पाहिलेलं नव्हतं.

राइनो म्हणजे गेंडा आणि ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. त्रिमितीत रेखाटन करायचा राइनो हा मूळ प्रोग्रॅम, आणि त्याच्या पाठीवर बसलेला हा नाकतोडा. डेव्हिड रटन यांनी तो लिहिला. २००७ मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’ असं होतं, आणि मला अजूनही ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं. कारण इथे तुम्ही चित्र काढत नाही, चित्र कसं काढायचं त्याची साद्यंत हकीकत मांडता. मग एक आकडा बदलला की सगळी हकीकत नव्याने घडते. खांब सहाचे आठ करा, छप्पर आपोआप जुळवून घेतं. २०१८ मध्ये राइनोच्या सहाव्या आवृत्तीपासून तो सोबतच येऊ लागला आणि मग आर्किटेक्चरच्या प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवर दिसायला लागला.

कल्पना तशी जुनी आहे. एमआयटीत आयव्हन सदरलंडने १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ केलं, त्यात या दोन रेषा समांतरच राहिल्या पाहिजेत असं यंत्राला बजावता येत होतं. त्याच्याही कितीतरी आधी बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी वास्तुकार गाउदीने छताला दोऱ्या टांगल्या, दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या आणि कमानींचा आकार गुरुत्वाकर्षणाकडून काढून घेतला. एक दोरी लांबवली की आजूबाजूच्या सगळ्या दोऱ्या हलून आपापली नवी जागा घ्यायच्या. एक ते दहा मापाचं ते उलटं टांगलेलं चर्च जमवायला त्याला दहाएक वर्षं लागली. मी विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा त्यांना दहा वर्षांची कीव येते. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एकाच जागी चुकून दोन दोऱ्या बांधल्या असत्या तर गाउदीला त्या दिसल्या असत्या. जाडी दिसली असती, हाताला लागली असती. पडद्यावर एका रेषेवर दुसरी रेष अगदी तंतोतंत बसली की दोन्ही मिळून एकच दिसते.

तर, काम एका शाळेचं होतं. मधल्या अंगणावर सावलीसाठी मांडव हवा होता. मुलं धावतात, म्हणून मध्ये खांब नको ही मुख्याध्यापिकाबाईंची अट, आणि ती योग्यच होती. षटकोनी मांडव, सहा कोपऱ्यांवर सहा खांब, वर दीड इंची एमएस, म्हणजे साध्या पोलादी, पाइपांची त्रिकोणी जाळी, जाळीवर पॉलीकार्बोनेटचे त्रिकोणी तुकडे. त्रिकोण घेतले कारण तीन बिंदू कसेही असले तरी एका पातळीत बसतातच. तिवई डगमगत नाही, चौरंग डगमगतो. चौकोनी तुकडे घेतले असते तर वक्र छपरावर प्रत्येक पत्रा पिळावा लागला असता.

जाळीचा आराखडा कागदावर काढत बसले होते तेव्हा आई मागून डोकावली आणि म्हणाली, “हे पंधरा ते आठ गं.” ठिपक्यांच्या रांगोळीतली ही मोजणी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत आठपर्यंत यायचं, आणि प्रत्येक ओळीतला ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. उदबत्तीने भोकं पाडलेला असा एक कागद आमच्याकडे वर्षानुवर्षं होता. गेरूवर तो अंथरून वरून रांगोळी फिरवली की ठिपके उमटायचे. एकूण ओळी पंधरा, ठिपके १६९. आईला ही बेरीज ठाऊक नव्हती, पण एखादा ठिपका पडायचा राहिला तर तिला तो मोजल्याशिवाय कळायचा.

मी तेच ग्रासहॉपरमध्ये मांडलं. ठिपक्यांमधलं अंतर नकाशात ९०० मिलिमीटर. म्हणजे षटकोनाची बाजू ६.३ मीटर, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १२.६ मीटर. मग सगळे ठिपके १४ मीटर त्रिज्येच्या एका मोठ्या गोलावर चढवले, त्यामुळे मधला ठिपका सगळ्यात वर आणि सहा कोपरे त्याहून दीड मीटर खाली. छान, उथळ, पालथ्या घमेल्यासारखा आकार.

ठिपके एका लांबलचक यादीत न ठेवता ओळवार ठेवले होते. याला ग्रासहॉपरच्या भाषेत ट्री म्हणतात. आमची पंधरा फांद्यांची होती, पहिल्या फांदीत आठ ठिपके, दुसरीत नऊ, असं. मग रेषा. एक प्रकार सोपा: त्याच ओळीतला ठिपका शेजारच्याला जोडायचा. उरलेले दोन प्रकार दोन ओळींमधले. वरच्या ओळीतला पहिला ठिपका खालच्या ओळीतल्या पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला. आणि मग वरचा पहिला खालच्या दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. मांडवाच्या निम्म्यानंतर ओळी लहान होत जातात तेव्हा हेच उलट्या बाजूने. तारा जोडल्या. सगळे डबे राखाडी. पडद्यावर जाळी उमटली, एक त्रिकोण कुठे फाटलेला नाही. मी चहा प्यायले, रेषांना क्रमांक दिले, लांबीवार गट पाडले आणि पाइप कापायची यादी करून आमच्या फॅब्रिकेटरकडे, भाऊंकडे, पाठवली.

यादीत लांब्या मिलिमीटरच्या एका दशांशापर्यंत होत्या. त्याबद्दल मला लाज वाटायला हवी, पण ती का वाटत नाही ते पुढे येईल. भाऊंनी यादी बघितली आणि फोनवर आधी पोटभर हसून घेतलं.

“मॅडम, नऊशे पॉइंट पाच? हा पॉइंट पाच मी कशाने मोजू? आमच्याकडे सूत आहे. एक इंचाचे आठ सूत. त्याच्या खाली आम्ही देवाचं नाव घेतो.”

एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जरा जास्त. मी म्हटलं, तुम्ही जवळच्या मिलिमीटरला धरा. ते म्हणाले, ते धरतोच. मग जरा थांबून म्हणाले, “पण एक विचारायचं होतं. तुमच्या मांडवाच्या सहा फाका ना?”

“हो.”

“सगळ्या सारख्या?”

“अगदी सारख्या.”

“मग मी एका फाकेचा जिग, म्हणजे साचा, बनवतो आणि गुणिले सहा करतो. पण तुमच्या यादीत नऊशे पॉइंट शून्यचे सव्वीस पाइप आहेत. सव्वीसाला सहाने भाग जात नाही. चोवीस करा नाहीतर तीस करा. आणि आणखी तीन मापं आहेत, त्यांचंही असंच. बाकी सगळी यादी सहात बसते.”

मी म्हटलं, बघते. आणि खरं सांगायचं तर मनात म्हटलं, यांचंच काहीतरी चुकलंय, फाका मधल्या पाइपावर कापल्या असतील. फाइल तर राखाडी होती.

फाइल उघडली. शेवटच्या रेषांच्या डब्याला एक पिवळं पॅनल लावलं, किती रेषा आहेत बघायला. ४७६. बरं. मग? मी त्या आकड्याकडे बघत बसले, आणि हळूहळू जे लक्षात आलं ते जरा अपमानास्पद होतं. ४७६ बरोबर की चूक हे मला माहीतच नव्हतं. तीन आठवडे मी त्या मांडवाबरोबर राहत होते, गोलाची त्रिज्या बदलत होते, सावली कुठे पडेल ते बघत होते, आणि एकूण पाइप किती असायला हवेत हे एकदाही स्वतः मोजलं नव्हतं. मोजायचं यंत्राने, असं धरून चालले होते. यंत्राने मोजलंही होतं. जेवढ्या रेषा मी काढायला सांगितल्या तेवढ्या त्याने इमानेइतबारे मोजल्या होत्या.

मग कागद घेतला. ओळीतल्या रेषा: प्रत्येक ओळीत ठिपक्यांपेक्षा एक कमी, म्हणजे १६९ उणे १५, १५४. दोन ओळींमधल्या रेषा: दोन्हीपैकी लहान ओळीतल्या प्रत्येक ठिपक्याला मोठ्या ओळीकडे दोन रेषा. आठपासून चौदापर्यंतची बेरीज ७७, दुप्पट १५४, वरची-खालची बाजू मिळून ३०८. एकूण ४६२.

यादीत चौदा पाइप जास्तीचे.

आता ते शोधायचे कुठे? ४७६ रेषांत डोळ्यांनी शोधणं अशक्य. इथे मी एक गोष्ट केली, जी मी मुलांना नेहमी सांगते आणि स्वतः नेहमी उशिरा करते: गणित लहान केलं. पंधरा ते आठ ऐवजी तीन ते दोन. ही रांगोळी चार वर्षांची मुलगीही काढेल. दोन ठिपके, तीन, दोन. सात ठिपके, सहा त्रिकोण, बारा रेषा, बोटांवर मोजून. स्लायडर, म्हणजे आकडा कमीजास्त करायची सरकपट्टी, ओढला, मांडव एवढासा झाला, पॅनलमध्ये आकडा आला १४.

बारा हव्या, चौदा आल्या. वर एक, खाली एक. मग वरचाच तुकडा सुटा केला: दोन ठिपक्यांची ओळ आणि तिच्याखाली तीन ठिपक्यांची. पहिल्या प्रकारच्या रेषा दोन यायला हव्या होत्या. पहिला पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला. आल्या तीन.

इथे ग्रासहॉपरचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. त्याला दोन याद्या दिल्या आणि एक आखूड, एक लांब असली, तर तो आखूड यादीतला शेवटचा घटक पुन्हा पुन्हा वापरतो. पंगतीत आठ पानं मांडलीत आणि माणसं नऊ आली, तर तो नवव्या माणसाला उभं ठेवत नाही, परतही पाठवत नाही, कुणाला सांगतही नाही. आठव्या माणसाच्या पानाशी नेऊन बसवतो. कोणी उपाशी राहत नाही, म्हणून डबा राखाडी. हा त्याचा मुद्दाम ठेवलेला स्वभाव आहे, आणि दहातल्या नऊ वेळा सोयीचा पडतो: एका बिंदूपासून शंभर रेषा काढायच्या असतील तर तो एकच बिंदू शंभरदा वापरला जावा असंच आपल्याला हवं असतं.

आमच्या जाळीत त्या नवव्या पाहुण्यामुळे वरच्या ओळीतला शेवटचा ठिपका खालच्या ओळीतल्या शेवटच्या ठिपक्याला जोडला गेला. आणि त्यातली गंमत अशी की ती रेष चुकीची नव्हती! तिथे पाइप हवाच होता. फक्त तो पाइप दुसऱ्या प्रकारच्या रेषांमध्ये रीतसर येतच होता. म्हणजे प्रत्येक दोन ओळींमागे एक पाइप दोनदा. ओळींच्या जोड्या चौदा. रेष आडवीतिडवी, भलतीकडे गेली असती तर पहिल्याच दिवशी डोळ्यांत खुपली असती. ही बरोबर जागी जाऊन बरोबर रेषेवर झोपली होती.

आणि मग भाऊंचे सव्वीस कुठून आले तेही उलगडलं. हे जोडपाइप सगळे ओळींच्या उजव्या टोकाला, म्हणजे षटकोनाच्या उजवीकडच्या दोन कडांवर, प्रत्येक कडेवर सात. कडेचा मधला पाइप आडवा बसतो, त्याची दोन्ही टोकं केंद्रापासून सारख्याच अंतरावर आणि त्यामुळे सारख्याच उंचीवर, म्हणून त्याची लांबी नेमकी ९००.०. असे संपूर्ण मांडवात चोवीस. त्यातले दोन दुप्पट मोजले गेले, झाले सव्वीस. कडेवरची उरलेली तीन मापं प्रत्येकी चारने वाढली. चार त्रिक बारा आणि दोन, चौदा. मी दशांश ठेवला नसता तर मधूनच ९००.५ वाले पाइप ९०० वाल्यांत मिसळले असते आणि सव्वीस हा आकडा कोणालाच दिसला नसता. निरुपयोगी दशांशाने असं एकदाच कामाला यायचं ठरवलं होतं बहुधा.

ऑफिसात नवीन आलेल्या मुलाने माझी तगमग बघून शेवटच्या डब्यापुढे आणखी एक डबा लावला: एकावर एक आलेल्या रेषा काढून टाकणारा. आकडा आला ४६२. “झालं की मॅडम.” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला वाईट वाटलं, कारण मला तो डबा काढायला लावायचा होता. त्या डब्यातून जाताना रेषांच्या ओळी मोडतात, सगळ्या फांद्या एका यादीत सपाट होतात आणि मग पाइपांवरचे क्रमांक सरकतात. सातव्या ओळीतला तिसरा पाइप, असं आता म्हणताच येणार नव्हतं. भाऊंच्या शेडमध्ये पाइपांवर खडूने जे क्रमांक लिहिले जाणार होते ते ठिपक्यांच्या क्रमांकांशी जुळले नसते. आणि मूळ चूक तशीच राहिली असती, फक्त आता तिच्यावर झाकण. आम्ही तो डबा काढला आणि मागे जाऊन याद्या जोडायची रीत बदलली: आखूड यादी संपली की थांब. पाहुणा नववा असेल तर त्याला पुढच्या पंगतीला बसव. एक डबा, एक तार. ४६२.

त्या मुलाचं फार चुकलं असं नाही. शेवटी झाडू मारणं ही सगळ्यांची सवय असते. माझी स्वतःची जुनी सवय त्याहून वाईट होती: फ्लॅटन. काही जुळत नसलं की माहिती सपाट करायची. अजून जुळत नाही? मग ग्राफ्ट करायची, म्हणजे प्रत्येक घटकाला स्वतंत्र फांदी. पुन्हा फ्लॅटन. असं करत राहायचं जोवर नारिंगी रंग जात नाही. कुलूप उघडत नाही म्हणून जुडग्यातली प्रत्येक किल्ली लावून बघण्यासारखं. उघडतं कधीकधी, पण कुठल्या किल्लीने ते आठवत नाही आणि दार कुठल्या खोलीचं होतं तेही नाही. आता मी कुणाची फाइल तपासायला घेतली की आधी तारा बघते. एकेरी तार म्हणजे एकच घटक, दुहेरी म्हणजे यादी, तुटक दुहेरी म्हणजे फांद्या. फाइल न चालवताही एवढं कळतं की माणूस विचार करत होता की किल्ल्या लावत होता.

पिळलेल्या लॉफ्टबद्दल एक वाक्य पुरे: दोन बंद वक्रांमध्ये पृष्ठभाग ओढला आणि तो ओला पंचा पिळावा तसा दिसला, तर वक्रांची दिशा किंवा ते जिथून सुरू होतात ती जागा जुळत नाही, आणि ही चूक निदान दिसते तरी.

दिसत नसलेली दुसरी मोठी चूक मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यामागे मी दोन रात्री घालवल्या आणि चूक माझ्या फाइलमध्ये नव्हतीच. पुण्याबाहेरच्या एका उताराच्या जमिनीचं काम होतं. सर्व्हेअरने जमिनीचा नकाशा पाठवला, मी तो राइनोत आणला आणि त्याच्यावर पायऱ्या, भिंती चढवायला लागले. भिंती एकमेकींना छेदायला तयार नाहीत. दोन घनाकृतींची वजाबाकी कधी होते, कधी होत नाही. वर्तुळं पडद्यावर खरबरीत, कुरतडल्यासारखी. ग्रासहॉपरचे डबे कधी राखाडी, तेच डबे स्लायडर जरा हलवला की लाल. मला वाटलं माझंच गणित कुठेतरी काठावर आहे. सगळं पुन्हा लिहिलं. तेच.

तिसऱ्या दिवशी कंटाळून एक बिंदू घेतला आणि त्याचे आकडे वाचले. उत्तरेचा आकडा होता दोन अब्जांच्या वर. सर्व्हेअरने जमीन तिच्या खऱ्या जागी ठेवली होती. यूटीएम या नकाशाच्या जागतिक मोजणीतल्या त्रेचाळिसाव्या पट्ट्यात पुणं विषुववृत्तापासून वीस लाख मीटरहून जास्त उत्तरेला येतं, आणि माझी फाइल मिलिमीटरमध्ये. म्हणजे माझी शून्याची खूण विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात कुठेतरी आणि मी तिथून दोन हजार किलोमीटरवर पायरीची कड मोजत होते. संगणक आकडे ठेवतो ते ठराविक अंकांपुरते. ज्या लहान मापाच्या संख्या चित्र दाखवायला वापरल्या जातात त्यांत सातेक अंकच नीट बसतात, आणि दोन अब्जांच्या घरात अशा दोन शेजारच्या संख्यांमध्ये १२८ मिलिमीटरचं अंतर असतं. पाच इंच! गोल खांब कुरतडलेला दिसेल नाहीतर काय. हिशोबासाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या संख्यांना पंधरा-सोळा अंक मिळतात, त्यामुळे भिंत अगदी पाच इंचांनी सरकत नाही, पण छेद काढताना लागणारी बारीक अचूकता हातातून निसटते.

इलाज हास्यास्पद सोपा. सगळी जमीन उचलून शून्याजवळ आणायची, किती उचलली तो आकडा कुठेतरी लिहून ठेवायचा, काम झालं की परत नेऊन ठेवायची. आमच्या ऑफिसात याला आता ‘जमीन घरी आणणे’ म्हणतात. सर्व्हेअरचा यात काही दोष नाही. त्याने जमीन जिथे आहे तिथेच दाखवली होती. मी विचारलं नाही.

मांडवाच्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. फाइलच्या डाव्या कोपऱ्यात एक पिवळं पॅनल, त्यात हाताने मोजलेले आकडे. ठिपके इतके, रेषा इतक्या, तुकडे इतके. यंत्राचं उत्तर यायच्या आधी लिहायचे, नंतर नाही. नंतर लिहिले की आपण नकळत त्याच्याकडे बघून लिहितो. त्यात एक ओळ ऑयलर या गणितज्ञाची आहे. कॉलेजात शिकलेली आणि परीक्षेनंतर विसरलेली: सपाट पसरलेल्या, भोकं नसलेल्या कुठल्याही जाळीत ठिपके आणि तुकडे यांच्या बेरजेतून रेषा वजा केल्या की एक उरतो. छोट्या रांगोळीत सात अधिक सहा उणे बारा, एक. मांडवाच्या पत्र्यांचे त्रिकोण मी वेगळ्या वाटेने काढले होते आणि ते बरोबर होते, २९४. १६९ अधिक २९४, ४६३, उणे ४६२, एक. त्या दिवशी मी हे वजा करून बघितलं असतं तर उणे तेरा आले असते आणि भाऊंना फोन करायची वेळ आली नसती. अठराव्या शतकातल्या माणसाचं हे सूत्र वापरायला मला एक डबा आणि दोन तारा लागतात.

अजूनही चुका होतात. गेल्याच महिन्यात स्लायडरमध्ये शंभरऐवजी हजार पडलं, दोन दिशांना म्हणजे दहा लाख भोकं, आणि नाकतोडा गेंड्यासकट बसला. तो परत उठेपर्यंत जेवण होऊन वर्तमानपत्रही वाचून झालं.

मांडव उभा राहिला. भाऊंनी एक फाक जमिनीवर जोडून बघितली, मग गुणिले सहा. कडेचे पाइप बसवताना त्यांच्या पोराने दोनदा फोन करून विचारलं की इथे एकच ना, दोन नाही ना. मी दोन्ही वेळा एकच म्हटलं. ते लोक आता हे विसरणार नाहीत.

दिवाळीनंतर त्यांना दुसऱ्या कामाची यादी पाठवली. या वेळी काम साधं होतं, एका लांबट खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या, प्रत्येकीचा कोन वेगळा. लांब्या पूर्ण मिलिमीटरमध्ये, दशांश काढून टाकले होते. अर्ध्या तासात फोन आला.

“मॅडम, यादी मिळाली. एकशे त्रेपन्न पट्ट्या.”

“बरोबर.”

“याला कितीने भाग जायला पाहिजे?”

मी पॅनल बघितलं. त्यात अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हटलं, थांबा भाऊ, पाच मिनिटांनी करते.